कॉम्प्युटर चालू होत नाही? आधी मागच्या वायरी काढा

बिलिंग काउंटरच्या व्हिडिओत कॉम्प्युटर, प्रिंटर, स्कॅनर असं सगळं जोडून दाखवलं होतं. जोडणं सोपं असतं. पण जोडलेल्या एखाद्या वस्तूमुळे सकाळी कॉम्प्युटरच उठत नाही तेव्हा काय करायचं, हे दहा मिनिटांच्या व्हिडिओत बसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आधी नुकसानीचा हिशोब मांडू. आमचं लासलगाव म्हणजे कांद्याचं गाव. बाजार समिती १९४७ सालापासूनची, आणि आवकेच्या दिवसांत सकाळपासून ट्रॅक्टर-पिकअपची रांग. लिलाव झाला, माल काट्यावर गेला, वजन झालं, की शेतकऱ्याला हिशोबपट्टी हवी असते आणि पैसे हवे असतात. त्या वेळी खळ्यावरच्या ऑफिसात कॉम्प्युटर बंद पडला तर मागे माणसं उभी राहतात, ड्रायव्हर हॉर्न वाजवतात, आणि मालक ओळखीच्या "कॉम्प्युटरवाल्या पोराला" फोन लावतो. पोरगं येतं, बटण दाबतं, स्क्रीन काळी बघतं आणि दोनपैकी एक वाक्य बोलतं. "मदरबोर्ड गेला" किंवा "फॉरमॅट मारावा लागेल."

पहिल्या वाक्यात काही हजार रुपये जातात. दुसऱ्यात त्याहून वाईट, वर्षाचा हिशोब जातो. आणि बऱ्याच वेळा खरं कारण असतं मागे लटकलेला एक पेन ड्राइव्ह, नाहीतर प्रिंटरची पंचवीस-तीस रुपयांची वाटावी अशी केबल.

माझ्या दुकानात येणाऱ्या एका छोट्या व्यापाऱ्याचंच सांगते. सीपीयू बगलेत मारून आले. एका ठिकाणी दाखवला होता, तिथे बोर्ड बदलायला सांगितलेलं. मी टेबलावर ठेवला, नुसती पॉवर केबल आणि मॉनिटर लावला, बटण दाबलं, विंडोज समोर. ते म्हणाले, "ताई, तुम्ही काय केलं?" काहीच नाही. त्यांच्या ऑफिसात त्याला प्रिंटर, हब, यूपीएसची डेटा केबल असं सगळं जोडलेलं होतं, माझ्याकडे काहीच नव्हतं. दोष तिकडे राहिला होता. परत गेल्यावर एकेक वस्तू लावून बघितली तर पॉवरवाला हब निघाला.

कॉम्प्युटर बटण दाबल्यावर काय करतो

हे समजून घेतलं की पुढचं सगळं आपोआप कळतं, म्हणून दोन मिनिटं इथे द्या.

डेस्कटॉप बंद असला तरी भिंतीवरचं बटण चालू असेल तर आतला एसएमपीएस पाच व्होल्टचा थोडा करंट बोर्डाला देतच असतो. म्हणून तर बंद कॉम्प्युटरला लावलेल्या माउसचा लाल दिवा कधी कधी जळत राहतो. पॉवर बटण दाबलं की बोर्ड एसएमपीएसला सांगतो, "पूर्ण सप्लाय दे." सप्लाय नीट आला तर बायोस नावाचा छोटा प्रोग्राम जागा होतो. हल्ली त्याला यूईएफआय म्हणतात, पण सगळेजण बायोसच म्हणतात, आपणही तसंच म्हणू. तो प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले तपासतो, मग कीबोर्ड बघतो, यूएसबीला काय काय लावलंय त्याची हजेरी घेतो. त्यानंतर ठरलेल्या क्रमाने विचारतो, "विंडोज कुणाकडे आहे?" ज्याच्याकडे सापडेल त्याच्या हातात कारभार देतो. मग विंडोज प्रत्येक वस्तूचा ड्रायव्हर चढवतं आणि शेवटी तुमचा डेस्कटॉप दिसतो.

म्हणजे बाहेरची वस्तू चार ठिकाणी आडवी येऊ शकते. सप्लायमध्ये, हजेरीत, "विंडोज कुणाकडे" या प्रश्नात, आणि ड्रायव्हर चढताना. कॉम्प्युटर कुठपर्यंत जाऊन अडकला ते बघा, अर्धा तपास तिथेच होतो. पंखाच फिरत नाही, की पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, की कंपनीचा लोगो येऊन थांबतो, की काळ्या स्क्रीनवर पांढरी इंग्रजी ओळ येते, की विंडोजचे गोल ठिपके फिरत बसतात? टेक्निशियनला फोन करताना "चालू होत नाही" असं सांगू नका, यातलं नेमकं काय होतंय ते सांगा. जमलं तर मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढून पाठवा.

पहिली परीक्षा: सगळं काढून टाका

कॉम्प्युटर बंद करा, भिंतीवरचं बटणही बंद करा. मागच्या बाजूचा मोबाईलवर फोटो काढा, हे विसरू नका, नाहीतर नंतर कुठली वायर कुठे होती यावरून घरात भांडण. मग एकेक वायर काढा. प्रिंटर, स्कॅनर, हब, पेन ड्राइव्ह, वायफायचा छोटा डोंगल, वेबकॅम, स्पीकर, बायोमेट्रिक, काट्याची केबल, इंटरनेटची लॅन केबल, यूपीएसची डेटा केबल, बाहेरची हार्ड डिस्क, मेमरी कार्ड. कीबोर्ड आणि माउससुद्धा काढा. लोक कीबोर्ड सोडून देतात. त्यांना वाटतं कीबोर्डने काय होणार. होतं, पुढे सांगते.

पॉवरची केबलही काढा आणि पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. आत साठलेला करंट निघून जातो. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून तसंच बटण तीसेक सेकंद दाबून धरायचं.

आता फक्त पॉवर आणि मॉनिटर जोडा. बटण दाबा.

चालू झाला? मग बोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, विंडोज हे सगळे संशयातून जवळजवळ सुटले. चोर टेबलावर पडलेल्या वस्तूंमध्ये आहे. चालू नाही झाला तर उलटं, बाहेरच्या वस्तू सुटल्या आणि आता रॅम, एसएमपीएस, हार्ड डिस्क यांच्याकडे बघायचं. रॅम काढून सोनेरी पट्टी खोडरबरने पुसून परत बसवणं हा पहिला उपाय. कांद्याच्या खळ्यावर धूळ आणि पातीचा पाचोळा इतका असतो की आमच्याकडे हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो. पण तो आजचा विषय नाही.

चालू झालेल्या कॉम्प्युटरला वस्तू परत लावताना घाई करू नका. एक वस्तू लावा, कॉम्प्युटर पूर्ण बंद करा, परत चालू करा. मग दुसरी. आठ-दहा वस्तू असतील आणि गिऱ्हाईक थांबलं असेल तर अर्ध्या-अर्ध्या करून लावा. चार लावल्या आणि चालू झाला तर दोष उरलेल्या चारात.

इथे एक गंमत आहे. विंडोज आठपासून, म्हणजे २०१२ पासून, "शट डाउन" केल्यावर कॉम्प्युटर पूर्ण बंद होतोच असं नाही. फास्ट स्टार्टअप नावाची सोय विंडोजचा एक भाग झोपवून ठेवते आणि सकाळी तिथूनच उठवते. त्यामुळे काल जोडलेली आणि आज काढलेली वस्तू अजून आहे असं समजून तो गडबडू शकतो. तपास करताना "रीस्टार्ट" वापरा, किंवा शिफ्टची कळ दाबून धरून "शट डाउन" करा. मग तो खरोखर बंद होतो.

पेन ड्राइव्ह: सगळ्यात स्वस्त गुन्हेगार

संध्याकाळी टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेतला, तो तसाच लावून घरी गेलात. सकाळी काळ्या स्क्रीनवर ओळ: "रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस." किंवा "ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड." झालं असं की बायोसच्या यादीत यूएसबी वरच्या नंबरला होता. त्याने आधी पेन ड्राइव्हला विचारलं, विंडोज आहे का? त्याच्याकडे कुठून असणार, त्याच्याकडे तुमची टॅली आणि मुलीच्या वाढदिवसाचे फोटो. काही बायोस पुढच्याला विचारतात, काही तिथेच थांबतात.

धोका हा की हार्ड डिस्क खरोखर मेली तरी हीच ओळ येते. म्हणून घाईतला माणूस ओळ वाचून "हार्ड डिस्क गेली" सांगून मोकळा होतो. तुम्ही आधी पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, डीव्हीडी काढून रीस्टार्ट करा, मगच पुढचं बोला. यूएसबीच्या आधी फ्लॉपी असायची तेव्हाही हेच व्हायचं, ड्राइव्हमध्ये विसरलेली फ्लॉपी आणि "नॉन सिस्टिम डिस्क".

कायमचा उपाय बायोसमध्ये आहे. चालू करताना लगेच डिलीट किंवा एफ-२ ही कळ टपटप दाबायची, एचपीला बहुतेक एफ-१०. बूट नावाच्या पानावर "विंडोज बूट मॅनेजर" पहिल्या नंबरला आणा. जुन्या बोर्डावर हार्ड डिस्कचं नाव दिसेल, आणि तिथे एक खोच आहे: काही जुने बायोस पेन ड्राइव्हलाही हार्ड डिस्कच्याच यादीत धरतात, म्हणून "हार्ड डिस्क प्रायॉरिटी" असं वेगळं पान असेल तर तेही बघा. बाकी कशाला हात लावू नका. बदल ठेवून बाहेर पडायची कळ बहुतेक ठिकाणी एफ-१०.

थांबा, बायोसला हात लावायच्या आधी एक गोष्ट. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असतं आणि मालकाला ते माहीतही नसतं. बायोसमध्ये बदल केला किंवा डॉकिंग स्टेशन जोडून चालू केला की विंडोज अचानक निळी स्क्रीन दाखवून ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती की बहुतेक वेळा लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना जे मायक्रोसॉफ्ट खातं वापरलं त्यात साठवलेली असते. आणि ते खातं कुणाचं? दुकानदाराने विकताना स्वतःचा ईमेल टाकून चालू करून दिलेला असतो, किंवा भाच्याने. की मिळाली नाही तर आतला डेटा कायमचा बंद. माझं स्पष्ट मत आहे, धंद्याचा लॅपटॉप स्वतःच्या खात्यावर चालू करा, आणि ती ४८ अंकी की आजच कागदावर उतरवून गल्ल्यात ठेवा. लेख नंतर वाचा, आधी ते करा.

कीबोर्ड, स्कॅनर आणि डिलीटची अडकलेली कळ

आयबीएमने १९८१ मध्ये पीसी बाजारात आणला तेव्हापासून कॉम्प्युटर चालू होताना कीबोर्ड तपासतो. कळ दाबलेली सापडली तर तो बीप देतो, "कीबोर्ड एरर" लिहितो, आणि काही बोर्ड पुढे जायला नकार देतात. कीबोर्ड नसेल तर "एफ-१ दाबा" असं सांगणारा जुना विनोद तुम्ही ऐकला असेल, ती ओळ खरोखर यायची. हल्लीचे बोर्ड कीबोर्डवाचून चालू होतात. पण अडकलेली कळ अजून त्रास देते. डिलीट किंवा एफ-२ अडकली असेल तर दर वेळी कॉम्प्युटर विंडोजऐवजी बायोसमध्येच जातो, आणि मालकाला वाटतं व्हायरस आला. कधी कळ अडकलेली नसते, कीबोर्डवर पावतीपुस्तक ठेवलेलं असतं!

चहा सांडलेला कीबोर्ड वाळवून वापरणाऱ्यांसाठी: साखर वाळत नाही, चिकटते. नवा घ्या.

बारकोड स्कॅनर हासुद्धा कॉम्प्युटरच्या लेखी कीबोर्डच आहे. तो वाचलेला नंबर टाइप करून पाठवतो. स्टँडवर ठेवलेला, आपोआप वाचणारा स्कॅनर समोरच्या बिस्किटच्या पुड्याकडे तोंड करून उभा असेल तर कॉम्प्युटर चालू होता होता तो आकडे पाठवत बसतो. विंडोजच्या पासवर्डच्या चौकटीत ते आकडे भरले जातात आणि मग "पासवर्ड चुकीचा". स्कॅनर भिंतीकडे फिरवून ठेवा, एवढंच.

हब, प्रिंटर आणि उलटा येणारा करंट

आता जरा विजेचं. यूएसबी हा शब्द आज पोराटोरांना माहीत आहे. १९९६ मध्ये त्याचं पहिलं मानक आलं, आणि ते घडवणाऱ्या इंटेलच्या टीममध्ये अजय भट्ट होते, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. नियम साधा: कॉम्प्युटर पाच व्होल्ट देणार, वस्तू घेणार. यूएसबी दोनच्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर, तीनच्या निळ्या पोर्टमधून ९०० मिलिअँपिअर. एका हबवर चार वस्तू लटकवल्या की त्या चौघांनी मिळून हीच वाटणी घ्यायची. बाहेरची हार्ड डिस्क सुरू होताना एकटीच जास्त ओढते, मग बाकीचे उपाशी.

ज्या वस्तूला स्वतःचा अडॅप्टर आहे तिने मात्र कॉम्प्युटरकडे करंट परत पाठवायचा नाही, असाही नियम आहे. स्वस्तातले हब तो पाळत नाहीत. त्यांचे पाच व्होल्ट केबलमधून उलटे बोर्डात शिरतात. कॉम्प्युटर बंद असूनही आतला एखादा दिवा जळत राहतो, पंखा किंचित थरथरतो, आणि बटण दाबलं तर बोर्ड गोंधळून उठतच नाही. वर सांगितलेल्या व्यापाऱ्याचं हेच होतं. ओळखायची खूण सोपी आहे: कॉम्प्युटरची पॉवर केबल भिंतीतून काढा, हब किंवा प्रिंटर चालू राहू द्या, आणि कॉम्प्युटरवर कुठलाही दिवा जळतोय का बघा. जळत असेल तर करंट मागच्या दाराने येतोय. तो हब फेका. वापरू नका, कुणाला देऊही नका.

दुसरा प्रकार शॉर्टचा. काही बोर्ड स्क्रीनवर सरळ लिहितात की यूएसबीला ओव्हर करंट झालाय, पंधरा सेकंदात बंद होतोय, आणि बंद होतात. काही बोर्ड काहीच न लिहिता गप्प राहतात. सगळ्या वस्तू काढल्या तरी ही ओळ येत असेल तर टॉर्च घेऊन पुढच्या यूएसबी पोर्टांच्या आत बघा. आतली प्लॅस्टिकची जीभ तुटून पिना एकमेकींना चिकटलेल्या असतात. पेन ड्राइव्ह लावलेला असताना गुडघा लागला, की हे ठरलेलं. उपाय: कॅबिनेट उघडून पुढच्या पोर्टांची बोर्डावर आलेली छोटी वायर काढून टाका. कॉम्प्युटर चालू होतो, मागचे पोर्ट काम करतात. एवढ्यासाठी बोर्ड बदलायची गरज नसते. तरी बोर्ड बदललेले मी पाहिलेत.

आणि अर्थिंग. प्रिंटरला हात लावल्यावर मुंग्या येतात? मग प्रिंटर एका बोर्डावर आणि कॉम्प्युटर दुसऱ्या बोर्डावर, त्यातल्या एकाला अर्थिंग नाही, असं असण्याची शक्यता मोठी. त्या दोघांमधला फरक मग यूएसबी केबलमधून वाहतो. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधले व्होल्ट मोजून घ्या. एक-दोन असतील तर ठीक, बरेच जास्त असतील तर आधी अर्थिंगचा खड्डा, मग कॉम्प्युटरची दुरुस्ती. कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेलं सगळं एकाच यूपीएस किंवा एकाच एक्स्टेंशनवरून घ्या. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर नको, तो गरम होताना एकदम ओढतो आणि यूपीएस बसतो. त्याला बाजूचा साधा प्लग, पण अर्थिंग तीच.

मे महिन्यात वळवाचा पाऊस येतो तेव्हा लॅनची केबल काढून ठेवा. विजेचा झटका खांबावरून राउटर, राउटरवरून लॅन, लॅनवरून बोर्ड असा येतो.

काट्याची केबल आणि नाचणारा बाण

हा आमच्या भागातला खास प्रकार, म्हणून सविस्तर. ट्रॅक्टरच्या मोठ्या काट्याचा इंडिकेटर, तो लाल आकडेवाला डबा, सिरियल केबलने कॉम्प्युटरला जोडलेला असतो. नव्या कॉम्प्युटरला तो पोर्ट नसतो म्हणून यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टर लावतात. सकाळी काटा आधी चालू, मग कॉम्प्युटर चालू. विंडोज येतं आणि बाण स्वतःहून पळायला लागतो. खिडक्या उघडतात, बंद होतात, क्लिक पडतात, पासवर्ड टाकू देत नाही. "हॅक झाला", "भूत लागलं" असं म्हणून लोक फॉरमॅट मारतात. दुसऱ्या दिवशी परत तेच.

कारण जुनं आहे. एकेकाळी माउससुद्धा सिरियल पोर्टला लावायचे. म्हणून विंडोज चालू होताना त्या पोर्टवर कान देऊन बसतं, इथे माउस आहे का? नेमकं त्याच वेळी काटा सेकंदाला अनेकदा वजनाचे आकडे पाठवत असतो. विंडोजला ते आकडे माउसच्या हालचालीसारखे वाटतात आणि ते काट्याला माउस समजून बसतं. मग बारा टनांचा ट्रॅक्टर तुमचा बाण हलवतो.

उपाय असा. इंडिकेटर बंद करा, पण केबल लावलेलीच राहू द्या, कारण केबल काढली तर यादीतून ती वस्तू गायब होते आणि काही करता येत नाही. बाण शांत होईल. डिव्हाइस मॅनेजर उघडा, माउसच्या यादीत "मायक्रोसॉफ्ट सिरियल बॉलपॉइंट" असं नाव दिसेल. त्यावर राइट क्लिक करून "डिसेबल". "अनइन्स्टॉल" नको, पुढच्या वेळी परत येईल. मग इंडिकेटर चालू करा. केबल वेगळ्या यूएसबी पोर्टला लावली तर हे परत करावं लागू शकतं, म्हणून पोर्टावर मार्करने "काटा" लिहून ठेवा. काटा बसवणाऱ्याला सांगून इंडिकेटर सतत आकडे न पाठवता मागितल्यावरच पाठवेल असा लावून घेता आला तर उत्तमच. तोपर्यंत साधा नियम पाळा, आधी कॉम्प्युटर, मग काटा.

लोगोवर अडकतो किंवा ठिपके फिरतच राहतात

लोगोवर अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे खराब होत चाललेली बाहेरची हार्ड डिस्क. बायोस तिची हजेरी घेतो, ती उत्तर द्यायला वेळ लावते, तो वाट बघत बसतो. ती काढल्यावर कॉम्प्युटर झटकन उठला तर आनंद मानू नका. तुमचा बॅकअप त्याच डिस्कवर आहे ना? तो आजच दुसरीकडे उतरवा.

विंडोजचे ठिपके फिरत राहणं किंवा निळी स्क्रीन येणं हे बहुतेक ड्रायव्हरचं. यात मोठ्यांचीही फजिती झालेली आहे. २० एप्रिल १९९८ ला शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स स्टेजवर असताना विंडोज ९८ ला स्कॅनर जोडून दाखवायचा होता. केबल लावली, आणि सगळ्यांसमोर निळी स्क्रीन. २०१९ मध्ये विंडोज दहाचं मे महिन्यातलं मोठं अपडेट आलं तेव्हा ज्या कॉम्प्युटरला यूएसबी डिस्क किंवा मेमरी कार्ड लावलेलं होतं त्यांना मायक्रोसॉफ्टनेच थांबवलं होतं, कारण ड्राइव्हची अक्षरं इकडची तिकडे होत होती. मोठं अपडेट चढवायच्या आधी फालतू वस्तू काढून ठेवायच्या, ही सवय तिथूनच घ्या.

वस्तू काढूनही ठिपके थांबत नसतील तर ड्रायव्हर आत बसलेला आहे. विंडोज चढताना पॉवर बटण दाबून धरून बंद करायचं, असं लागोपाठ दोन-तीन वेळा केलं की ते स्वतः दुरुस्तीचं पान उघडतं. तिथून ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग ४ आकडा. हा सेफ मोड. इथे फक्त गरजेचे ड्रायव्हर चढतात. शेवटी कोणती वस्तू किंवा तिचं सॉफ्टवेअर टाकलं होतं ते आठवा आणि काढून टाका. त्या पानावर "रीसेट धिस पीसी" असंही बटण दिसेल. बॅकअप हातात असल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

वस्तू सापडली म्हणून लगेच नवी घेऊ नका

समजा प्रिंटर लावला की कॉम्प्युटर उठत नाही असं निघालं. म्हणजे प्रिंटर खराब? थांबा. तीन जण आहेत: प्रिंटर, केबल, पोर्ट. केबल तीच ठेवून पोर्ट बदला. मग पोर्ट तोच ठेवून केबल बदला. मग तो प्रिंटर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. माझ्या अनुभवात केबल पहिली निघते, कारण ती उंदीर कुरतडतात आणि खुर्चीची चाकं चिरडतात. काउंटर असलेल्या प्रत्येकाकडे एक जास्तीची प्रिंटर केबल आणि एक साधा यूएसबी कीबोर्ड ड्रॉवरमध्ये पडलेला असावा. दोन्ही मिळून काही शे रुपयांत होतं.

तुमच्यापैकी काही जणांना दुरुस्तीचाच धंदा सुरू करायचाय, त्यांच्यासाठी एक गोष्ट, कारण क्लासमध्ये यावर नेहमी वाद होतो. पेन ड्राइव्ह काढला आणि कॉम्प्युटर चालू झाला, तर गिऱ्हाईकाकडून पैसे कसे मागायचे? काही जण म्हणून "विंडोज रिपेअर केलं" असं सांगतात. तसं करू नका. जायच्या आधी फोनवरच सांगा की बघायला येण्याचे इतके, दोष काहीही निघो. मग समोर बसवून पेन ड्राइव्ह काढून दाखवा, बायोसचा क्रम लावून द्या, आणि ठरलेले पैसे घ्या. गिऱ्हाईकाला दोष कळला तर तो पुढच्या वेळी पेन ड्राइव्हसाठी बोलावणार नाही, खरं आहे. पण नवा कॉम्प्युटर घ्यायचा असेल तेव्हा तुम्हालाच विचारेल.

आणि तुम्ही गिऱ्हाईकाच्या जागी असाल तर बोर्ड बदलायला होकार देण्याआधी टेक्निशियनला दोनच गोष्टी सांगा. "सगळ्या वायरी काढून फक्त मॉनिटर लावून चालू करून दाखव." आणि बदललाच, तर जुना बोर्ड पिशवीत घालून परत द्यायचा, बिलावर नव्याचा सिरियल नंबर लिहून.